बाई, आपलं भांडण अर्धंच राहिलं

बाई, काल तलासरीच्या आपल्या खोलीत एक म्हातारा तुमच्या खुर्चीवर बसला आणि मी त्याला उठवलं. बाजाराचा दिवस होता, ऊन मी म्हणत होतं, बिचारा सावली बघून आत आला होता. मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. मी म्हटलं, "बाबा, इथं नका बसू, तिकडं बाकावर बसा." तो निमूट उठला, कोंबडी काखेत धरली आणि बाकावरही न बसता बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. तुम्ही असता तर मला तिथल्या तिथं झापलं असतं. "हेमा, माणूस मोठा की लाकूड मोठं?" तुमचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, तरी मी काही त्याला लगेच परत बोलावलं नाही.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. लोक भेटतात, हात हातात घेतात आणि म्हणतात, "तुम्ही सांभाळाल स्वतःला, तुमचा तर विषयच तो." मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला दुःख जरा कमी दराने लागतं अशी लोकांची समजूत असावी. मी मान हलवते. माझा विषय आहे हे खरं. म्हणूनच आत काय चाललंय ते मला नाव घेऊन सांगता येतं. दुःख आहेच, पण वर तरंगतोय तो राग. मला तुमचा राग आलाय, बाई. भांडण अर्ध्यावर टाकून कुणी असं जातं का?

आपलं भांडण तसं जुनं. डहाणूच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला मानसशास्त्र शिकवायचात आणि मी पहिल्या बाकावर बसून तुम्हाला छळायचे. तुम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'समानुभूती' असं लिहिलंत आणि विचारलंत, याचा अर्थ काय? कुणीतरी पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवलं, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघणं. तुम्ही खूश झालात. मी हात वर केला. "पण बाई, मी तिच्या जागी जाऊन बसले, तर ती कुठं बसणार?" वर्ग खो खो हसला. तुम्ही हसला नाहीत. चष्मा काढून पदरानं पुसलात आणि म्हणालात, "ते आपण नंतर बोलू." तुमची ती सवयच होती. उत्तर नसलं की चष्मा पुसायचा आणि नंतर बोलू म्हणायचं.

ते 'नंतर' किती वर्षं चाललं बघा. तुम्ही निवृत्त झालात, तलासरीत बाजारामागची ती गोदामाशेजारची खोली घेतलीत आणि मला म्हणालात, "चल, बाजाराच्या दिवशी बसू या. ज्याला बोलायचंय तो येईल." मी तेव्हा नुकतीच समुपदेशनाची पदवी घेऊन आले होते, अंगात वारं भरलेलं. मला वाटलं, पाटी लावू, वेळा ठरवू, दार लोटून एकेकाला आत घेऊ. तुम्ही पहिल्याच दिवशी बाजारातून वालाच्या शेंगा घेऊन आलात, रोवळी मांडीवर घेतलीत आणि सोलायला बसलात. येणाऱ्या प्रत्येकासमोर मूठभर शेंगा ठेवायच्या. मला लाज वाटली. तुम्ही म्हणालात, "हाताला काम असलं की तोंड मोकळं होतं. आणि डोळ्यांत डोळे घालून बोलायची सक्ती नको माणसावर."

तुमचं ते खरं होतं, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं, आताही करते. तो एक तरुण माणूस आठवतो? चार-पाच बाजार नुसता यायचा, बसायचा, शेंगा सोलायचा आणि जायचा. मी म्हणत होते, हा फुकटच्या पंख्याला येतो. मग एका दिवशी त्यानं सोललेल्या दाण्यांकडे बघत सांगितलं की त्याची पोर विहिरीत गेली तेव्हा तो दारू पिऊन पडला होता. तुम्ही शेंगा सोलायच्या थांबला नाहीत. फक्त तुमचा वेग कमी झाला, त्याच्याइतका. ते मी बघितलं, बाई. तसं मला आजही येत नाही.

पण घरी जाताना तुमचं डोकं दुखायला लागलं. ते नेहमीचंच होतं. कुणी पोटात आग पडते म्हटलं की संध्याकाळी तुम्हाला जेवण जायचं नाही. एखादी रडली की तुम्ही तिच्या आधी रडायचात आणि मी दोन पेले पाणी भरून आणायचे. मी चिडायचे. "रडायला घरचे आहेत की, आपण कशाला?" तुम्ही म्हणायचात, "घरचे रडू देत नाहीत म्हणून तर ती इथवर आलीय." मी म्हणायचे, बुडणाऱ्याला काढायचं तर एक पाय काठावर हवा. तुम्ही म्हणायचात, काठावरून नुसता सल्ला पोचतो. डहाणूला परतताना वडापच्या जीपमध्ये आपलं हे चालू असायचं आणि कोसबाडचा चढ आला की तुम्ही हमखास झोपी जायचात, माझ्या खांद्यावर. भांडणात झोपणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

इथवर सगळं गोडच होतं. मग रंजू आली.

रंजूचा नवरा दिलीप भातकापणी उरकून खलाशी म्हणून सौराष्ट्राकडच्या बोटीवर गेला होता. आपल्याकडच्या पाड्यांवरचे निम्मे पुरुष जातात तसाच. वादळात बोट उलटली. काही जण परत आले. दिलीप आला नाही आणि त्याचं प्रेतही आलं नाही. कुणी म्हणालं, बुडाला. कुणी म्हणालं, सरहद्दीपलीकडच्या बोटीनं उचलला, तिकडच्या जेलात असेल. त्यानंतर जेव्हा जेव्हा तिकडून मच्छीमार सुटून आल्याची बातमी यायची, तेव्हा रंजू आपल्या खोलीत येऊन बसायची आणि तुम्ही फोनवर फोन लावायचात. दिलीप त्यांच्यात कधीच नव्हता.

आणि तिच्या सासूला, चैतीआजीला, पेंढ्याचा माणूस करायचा होता. त्यांच्या पाड्यावरची रीत तुम्हाला ठाऊक होती. ज्याचं शरीर मिळत नाही त्याचा भाताच्या पेंढ्याचा पुतळा करायचा, त्याला त्याचेच कपडे घालायचे, नदीकाठी नेऊन अग्नी द्यायचा. तोवर जिवाला जागा नाही. पण पुतळा जळला की रंजू विधवा. रंजू म्हणत होती, "मी नाय जाळू देणार. जित्या माणसाला कोन जाळतं?"

तुम्ही तिच्या बाजूला उभ्या राहिलात. उभ्या कसल्या, तुम्ही तिथं घरच बांधलंत. ती विचारायची, "बाई, तो हाय ना?" आणि तुम्ही शेंग मोडत म्हणायचात, "असेल." मी जीपमध्ये विचारलं, "तुम्हाला काय माहीत, असेल म्हणून?" तुम्ही म्हणालात, "मी 'आहे' नाही म्हटलं. 'असेल' म्हटलं. एवढं तरी हक्काचं हवं ना तिला?" त्या 'असेल'वर ती पुढचा बाजार येईपर्यंत जगते, हे मला दिसत होतं. आणि त्याच 'असेल'वर ती अडकलीय, हेही दिसत होतं.

मग चैतीआजी स्वतः आली. आत आली नाही, पायरीवर बसली. तुम्ही म्हणालात, "मी जरा भाजी बघून येते," आणि बाजारात गेलात. मी शेंगा घेऊन तिच्याशेजारी टेकले. ती म्हणाली, "पोर पान्यात फिरतं, बाई. रोज सपनात येतं, ओलं. मना सांगतं, आये, मना जागा दे. मी काय देऊ? सून देऊ देत नाय." तिनं एकही शेंग सोलली नाही, नुसती मुठीत धरून बसली. तुम्ही आलात तेव्हा ती गेली होती. पुढच्या बाजारी ती पुन्हा आली, तुम्ही पुन्हा भाजी बघायला गेलात. तिसऱ्यांदा आली तेव्हा तर आपल्याकडं भाजीचा ढीग झाला होता.

त्या दिवशी खोलीत आपण दोघीच उरल्यावर मी बोलले. सगळं आठवतं मला. "बाई, तुम्ही त्या म्हातारीसमोर का बसत नाही? ती मुलाला सोडून द्यायला निघालेली आई आहे म्हणून? तुम्ही रंजूला नाही थांबवून ठेवलेलं, स्वतःला थांबवून ठेवलंय. तुम्ही तिच्या जागी जाऊन बसलात. मग ती कुठं बसणार?"

समीरचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. तुमचा मुलगा वडिलांच्या बाराव्यानंतर भांडून परदेशी गेला आणि त्याचा फोन बंद झाला, हे आपल्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या खोलीतली मच्छरदाणी तुम्ही दर पावसाळ्यानंतर धुवून, वाळवून परत बांधायचात. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. त्या दिवशी मात्र ती मच्छरदाणी आपल्या दोघींच्या मध्ये टांगल्यासारखी होती.

तुम्ही चष्मा काढलात. पुसलात. बराच वेळ पुसलात. आणि म्हणालात, "ते आपण नंतर बोलू."

त्यानंतर आपण बोललो ते फक्त कामाचं. चावी कुठंय. पंखा बंद कर. पाणी संपलंय. जीपमध्ये तुम्ही खिडकीशी बसायला लागलात आणि कोसबाडच्या चढावर जाग्या राहायला लागलात. मला वाटलं, होईल. राग किती दिवस टिकतो? तुमच्यासारख्या बाईचा तर दोन बाजारांपलीकडे टिकायचा नाही.

मग एका सकाळी तुमच्या शेजारच्या जशुबेनचा फोन आला. "हेमाबेन, जल्दी आवो, बेन पडी गया छे." मी पोचले तेव्हा तुम्ही अंगणात फुलझाडांपाशी पडला होतात, डोळे अर्धवट उघडे, बघत कुठंच नव्हतात. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात मी तुमचा हात धरून बसले. हात ऊबदार होता. माझ्याकडं हवं तेवढं बोलायला वेळ होता आणि मी एक शब्द बोलले नाही, कारण जशुबेन शेजारी माळ जपत होत्या आणि मला त्यांच्यादेखत आपलं भांडण काढायचं नव्हतं.

आता लोक म्हणतात, मनाला लावून घेऊ नका. कसं सांगू त्यांना, की मी चुकले असं मला वाटतच नाही. चुकले असते तर सोपं होतं, रडून मोकळी झाले असते. मी जे बोलले ते खरं होतं आणि ते ऐकून तुम्हाला लागलं, आणि तुम्ही गेलात. या तिन्ही गोष्टी एकाच पोटात ठेवायच्या कशा, हे आपल्या विषयाच्या कुठल्याही पुस्तकात मला सापडलेलं नाही.

समीर आला होता, जशुबेननं नातेवाइकांकडून त्याला निरोप पोचवला होता. स्मशानात तो एका बाजूला उभा होता. सगळं झाल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुम्ही आईबरोबर असायचात ना? ती माझ्याबद्दल काही बोलायची का?" बाई, इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या मनाचं शिकतेय, पण त्या क्षणी माझ्या मनात त्याच्यासाठी थेंबभर ओल नव्हती. जिभेवर आलं होतं, आता विचारतोस? तेवढ्यात त्यानं चष्मा काढला आणि पुसायला लागला. हुबेहूब तुमच्यासारखा. मग मी म्हटलं, "बोलायच्या नाहीत. दर वर्षी तुमची मच्छरदाणी धुवायच्या." त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो तिथंच कट्ट्यावर खाली बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, पण निघूनही गेले नाही. एवढंच जमलं.

पुढच्या बाजारी रंजू आली. तिला माहीत नव्हतं. आत डोकावून म्हणाली, "मोठ्या बाई?" मी सांगितलं. ती दाराशीच टेकली. मग म्हणाली, "अवसेला ठरवलं. दिरानं पेंढा काढून ठेवलाय. आता तुमीच सांगा, धाकट्या बाई. जाळू द्यू की नको? त्या असत्या त काय सांगलं असतं?"

बघा कसा पेच टाकून गेलात. 'करू दे' म्हटलं असतं तर मी भांडण जिंकले असते, समोर तुम्ही नसताना. 'नको' म्हटलं असतं तर तुमचं वाक्य माझ्या तोंडून गेलं असतं, न पटता. कितीतरी बाजार मी हाच प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून आतल्या आत तयारी करत होते. आणि ती माझ्याकडं बघतेय, तिचं उरलेलं सगळं आयुष्य माझ्या एका शब्दावर टांगलेलं.

मी उठून बाजारात गेले, वालाच्या शेंगा आणल्या. तुमची रोवळी काढली. आम्ही दोघी सोलत बसलो. शेवटी मी म्हटलं, "रंजू, मला माहीत नाही. तो आहे की नाही तेही माहीत नाही, आणि तू काय करावंस तेही. पण त्या दिवशी मी येईन. तू नाही म्हणालीस तरी तुझ्याजवळ असेन, हो म्हणालीस तरी." तिनं मान हलवली. समाधान झालं असं काही दिसलं नाही. शेंगा संपल्यावर ती उठून गेली.

अवसेला मी पाड्यावर गेले. अंगणात पेंढा पसरला होता आणि चैतीआजी स्वतः पुतळा बांधत होती. बाकीचे मदतीला पुढं झाले तर हात झटकायची. गुडघ्याशी एक गाठ, कमरेशी एक. हाताला आली तेव्हा थांबली, आपल्या वितीनं मापलं आणि आणखी पेंढा मागितला. "दिलीपचा हात लांब," म्हणाली. मला एकदम तुमची आठवण झाली. तुम्ही या म्हातारीसमोर बसायला हवं होतं, बाई. तुमच्याइतकं तिला कुणालाच कळलं नसतं. म्हणूनच तुम्ही बसला नाहीत, हेही मला तिथं कळलं. आणि पहिल्यांदाच तुमचा राग न येता नुसतं वाईट वाटलं.

रंजू दारात उभी होती. कपडे बायकोनं द्यायचे असतात. दीर म्हणाला, "वयनी, कपडं दे." ती आत गेली. आत गेली ती येईना. बाहेर माणसं खाकरायला लागली, एकानं विडी पेटवली. आतून कडी लागली तर मी काय करायचं? दिराला अडवायचं, की दार वाजवायचं? तुमची बाजू घ्यायची की माझी? आणि मग लक्षात आलं, इथं आपल्या दोघींची बाजूच नाही. दाराआड एक बाई आहे आणि ती आपली आपण ठरवतेय.

ती बाहेर आली. हातात विरलेली हाफपँट आणि बाहीला फाटलेला टी-शर्ट. गावातला एक जाणता माणूस म्हणाला, "हे नाय चालायचं. चांगला शर्ट दे, लग्नातला. शेवटचा हाय त्याचा."

रंजू म्हणाली, "तो नाय."

"का?"

"तो आला त काय घालंल?"

दीर चिडला. "आगं, त्यालाच जाळायला चाललोय ना आपून? मग येतो कोन?"

"जाळा," रंजू म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आयेला झोप नाय लागत. तिला झोपू दे. मी आडवी नाय येत. पन शर्ट राहील घरात."

सगळ्यांनी चैतीआजीकडं बघितलं. शब्द तिचा चालणार होता. तिनं रंजूच्या हातातला टी-शर्ट घेतला, मांडीवर पसरला, फाटकी बाही हातानं सारखी केली. पेंढ्याच्या डोक्यातून तो हळूच खाली ओढला, पोराला अंघोळीनंतर घालतात तसा. "राहू दे," म्हणाली. "शर्ट राहू दे."

पुरुष पुतळा घेऊन नदीकडं गेले. आम्ही अंगणात बसलो, रंजू, चैतीआजी, मी आणि पाड्यावरच्या बायका. मंगळसूत्राचं काय करायचं यावर कुजबुज झाली, पण तो विषय कुणी पुढं नेला नाही. झाडांवरून धूर दिसला. पेंढाच तो, बघता बघता जळून गेला. चैतीआजी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली, तोंड उघडं ठेवून. रंजूनं उठून तिच्या अंगावर गोधडी घातली आणि परत माझ्याजवळ येऊन बसली.

तुम्हाला वाटेल, चला, सुटलं. नाही सुटलं, बाई. काल ती बाजाराला आली होती, म्हाताऱ्याला मी उन्हात घालवलं त्यानंतर थोड्या वेळानं. डोळे खोल गेलेले. म्हणाली, "आये आता झोपते. मनाच झोप नाय." पाड्यावरच्या बायका तिला आता सवाष्णींच्या रांगेत बसवायचं की विधवांच्या ते ठरवू शकत नाहीत. ती ना इकडची ना तिकडची. पुतळा जळाला आणि शर्ट पेटीत आहे, आणि या दोन्हींच्या मध्ये तिला रोज उठून भाकरी करायचीय. मी नुसती ऐकत होते. तुमच्यासारखं माझं डोकं दुखलं नाही, पण रोवळीतल्या शेंगा मी भलत्याच हळू सोलत होते, हे मला मागाहून कळलं.

मग रंजूनं तुमच्या खुर्चीकडं बघितलं आणि बाहेर बघितलं. "तो बाबा उन्हात का उभा हाय?"

मी उठले, दारात गेले, म्हटलं, "बाबा, या. आत या. बसा." तो घाबरत घाबरत आला. मी तुमची खुर्ची त्याच्यापुढं ओढली. तो टेकला, कोंबडी मांडीवर घेतली आणि तिच्या पिसांवरून हात फिरवत राहिला. मी त्याच्यासमोर मूठभर शेंगा ठेवल्या. त्याला काही बोलायचंय की नुसती सावली हवीय, मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही.

तर बाई, खुर्ची दिली मी. तुमच्या दहाव्याला पिंडाला हात जोडले, समीरनं विचारलं तेव्हा घराच्या किल्ल्याही त्याच्याकडं दिल्या. जे जे सोडायचं ते सगळं रीतीनं सोडतेय. पण आपलं भांडण मी कुणाला दिलेलं नाही. तिच्या जागी जाऊन बसायचं की तिच्या शेजारी, यावर तुम्हाला ऐकवायचं माझं अजून पुष्कळ उरलंय, आणि रंजूच्या शर्टानंतर तर आपल्या दोघींचंही म्हणणं नव्यानं मांडावं लागणार आहे. तुम्ही 'नंतर बोलू' म्हणाला होतात. म्हणून ते तसंच घडी करून ठेवलंय. आलात तर लागेल.